पडण्याची शिकवणी

पहिल्या दिवशी हिलाल सरांनी मला पाडलंच नाही.
नुसतं झोपवलं.

दोंडाईच्याला मिरचीच्या पथाऱ्यांपलीकडे
बंद पडलेल्या जिनिंगचं गोडाऊन आहे,
तिथे ताडपत्रीखाली गाद्या, गाद्यांत कापसाचा कचरा,
एखादी सरकी अजूनही पाठीला टोचते.
भोवती आठ-दहा वर्षांची पोरं,
मध्ये मी, त्रेचाळीस पूर्ण,
वीज कंपनीत बिलांच्या खिडकीवर,
डाव्या मनगटात पट्टी आणि सहा स्क्रू.
निमगुळच्या वळणावर स्कूटी घसरली तेव्हा
हात पुढे केला होता,
त्याचं बक्षीस.

सरांनी मनगट उलटंपालटं करून पाहिलं.
"हात पुढे करानी खोड शे ना,
ती पहिले मोडनी पडी."
मनगट मोडलं होतं.
खोड शाबूत होती.

हनुवटी छातीला.
नजर पट्ट्याच्या गाठीवर.
पडताना आभाळ बघायचं नाही,
पडल्यावर बघ हवं तेवढं.
पाठ गोल, जुन्या टोपलीसारखी,
आणि टेकायच्या क्षणी हात बाजूला आपटायचा,
नुसता तळवा नाही, दंडापासून बोटांपर्यंत अख्खा,
धोंड्यावर ओली गोधडी आपटावी तसा.
श्वास सोडायचा.
धरून ठेवला तर तोच आतून गुद्दा मारतो.

"डोकं तेवढं उचल,
बाकी समदं जमीनले दी टाक."

दी टाक म्हणे.
मी काय काय देत नव्हते तिला!
मान देत नव्हते, कंबर देत नव्हते,
एक ढोपर तर शेवटपर्यंत हवेत
खुंटीसारखं.

आधी बसून. मग उकिडवं.
उभ्याने पडायला पंधरवडा गेला.
या पडण्याचं जपानी नाव उकेमी.
दिवाली पावरा त्याला उक्कीमी म्हणते,
ती नऊ वर्षांची, पिवळ्या पट्ट्याची, माझी जोडीदार.
पायात पाय घालते आणि मी आडवी.
वरून वाकून बघते, पुढचे दोन दात नसलेली:
"मावशी, तू जमिनीशी भांडते."

घरी मुका मार, कोपरावर निळं.
कोकिळावहिनी भिंतीवरून विचारतात,
"पडाले बी क्लास लागस का वं?
आमी तं फुकट पडनूत."
महिन्याला अडीचशे, मी सांगते,
आणि त्या दिवसभर हसतात.

कालची गोष्ट.
ऑफिस सुटल्यावर पथाऱ्यांमधून येत होते,
समोरून पोत्यांनी भरलेला ट्रॅक्टर,
त्याला वाट द्यायला मागे सरकले
आणि टाचेत ताडपत्रीची दोरी.

वेळ नव्हता. तरी
गाठ कुठे दिसली माहीत नाही,
साडीला कसली आलीय गाठ,
पण मी तिच्याकडे बघितलं.
मग खाली काहीतरी मोठ्याने वाजलं.
तो माझा हात होता, डावा,
बाजूला, सपशेल आडवा, लाल ढिगावर.

धुरळा उठला तिखट.
देठ खुडणाऱ्या बाया धावत आल्या,
"लागनं का वं माय?" विचारता विचारता
पहिली शिंकली, मग दुसरी,
मग सगळ्याच पदर नाकाला लावून
शिंकत, हसत, पुन्हा शिंकत.
पथारीवाला लांबूनच ओरडायला लागला,
किती किलोंचा चुरा झाला ते.

मला ऐकू येत होतं सगळं.
पाठीखाली दिवसभराचं ऊन साठवलेली मिरची,
हललं की खुळखुळायची,
कानात दोन-चार बिया.
स्क्रू सहाही जागच्या जागी.
वर आभाळ,
आता बघायला हरकत नव्हती.

उठ गं, कुणीतरी हात पुढे केला.
थांबा जरा, म्हटलं.
मला दोन शिंका येऊन गेल्या होत्या
आणि तिसरी अडकली होती,
तिची वाट बघत
तशीच पडून राहिले.